न दिसणारा हर्निया

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

हर्निया हा शब्द आता मराठीच झाला आहे. जुनी माणसं त्याला अंतर्गळ म्हणत. सुश्रुतसंहितेत ‘वृद्धी’ या विकाराचे सात प्रकार सांगितले आहेत आणि त्यात आतडं खाली उतरून होणारी आंत्रवृद्धी स्वतंत्र मोजली आहे. म्हणजे आजार काही नवा नाही. आपल्या ओळखीत कुणा ना कुणा काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं असतंच. जांघेत लिंबाएवढी गाठ येते, खोकलं की फुगते, आडवं झालं की आत जाते. डॉक्टर हात लावून पाहतात, निदान सांगतात, ऑपरेशन होतं आणि थोड्याच दिवसांत काका पुन्हा भाजीची पिशवी घेऊन बाजारात दिसतात. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं.

मी आज बोलणार आहे ते याच्या पलीकडच्या हर्नियाबद्दल. जो बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही, किंवा जिथे गाठ दिसते पण ती हर्नियाची नसते. मी रेडिऑलॉजिस्ट आहे. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय यांत दिसणाऱ्या सावल्यांचा अर्थ लावणं हे माझं काम. या कामात एक गोष्ट मनावर ठसली. ‘गाठ नाही म्हणजे हर्निया नाही’ ही आपली समजूत पुरुषांच्या बाबतीत बहुतेक वेळा निभावून जाते, पण म्हाताऱ्या, बारीक अंगाच्या बाईच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते.

जांघेतल्या तीन वाटा

हर्निया म्हणजे काय, हे आधी सोप्या शब्दांत पाहू. पोट ही स्नायूंच्या भिंतींची एक पिशवी आहे. या भिंतींतून काही रक्तवाहिन्या, नसा आणि इतर दोर बाहेर जातात. ते जिथून बाहेर पडतात तिथे भिंत थोडी कमजोर असते. अशा जागेतून पोटाच्या आतला पडदा, त्यामागून चरबी किंवा आतडं बाहेर डोकावलं, की त्याला हर्निया म्हणायचं. जुन्या सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब फुगा होऊन बाहेर येते, तसंच हे.

जांघेत अशा तीन मुख्य वाटा आहेत. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून जननेंद्रियाच्या वरच्या हाडापर्यंत एक बळकट तिरका पट्टा गेलेला असतो. पहिली वाट या पट्ट्याच्या वर आहे. मुलगा जन्माला येण्यापूर्वी त्याचे वृषण पोटातून याच वाटेने खाली उतरतात. ही वाट पुरुषांत मोठी राहते, म्हणून आपले सगळे काका याच वाटेचे. याला इंग्वायनल हर्निया म्हणतात. आयुष्यभरात जांघेचा हर्निया होण्याची शक्यता पुरुषांत शंभरात सुमारे २७, तर स्त्रियांत शंभरात सुमारे ३ इतकी मोजली गेली आहे. स्त्रियांतही हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो.

दुसरी वाट पट्ट्याच्या खाली. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या इथून मांडीत उतरतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला एक अरुंद फट असते. तिथून जो उतरतो तो फिमोरल हर्निया. हा स्त्रियांत तुलनेने जास्त आढळतो. गाठ लहान, कधी बोराएवढीच. जाड्या माणसात तर ती हाताला लागतही नाही. पण या फटीच्या कडा ताठ असतात, त्यामुळे आत शिरलेलं आतडं लवकर आवळलं जातं. १९९१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पहिल्या वाटेचा हर्निया तीन महिन्यांत आवळला जाण्याची शक्यता शंभरात तीनहूनही कमी दिसली, तर दुसऱ्या वाटेची २२. पावणेदोन वर्षांत तर ती ४५ पर्यंत गेली. गाठ लहान म्हणून धोका लहान, असा हिशोब इथे चालत नाही.

तिसरी वाट सर्वांत खोल. शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेला सांगाडा आठवा. त्याच्या कटीच्या हाडात खाली दोन्ही बाजूंना एकेक मोठं भोक दिसतं. जिवंत माणसात हे भोक पडद्याने आणि स्नायूंनी झाकलेलं असतं, फक्त वरच्या कोपऱ्यात करंगळीएवढा बोगदा उघडा राहतो. त्यातून एक नस आणि रक्तवाहिन्या मांडीच्या आतल्या भागात जातात. एरवी या बोगद्यात चरबी भरलेली असते, जणू बाटलीला बसवलेलं बूच. वय झालं, अन्न कमी झालं, अंग वाळलं, की ही चरबी झिजते आणि बूच निघतं. अनेक बाळंतपणांनी कटीचा तळ सैलावलेला असेल तर वाट आणखी मोकळी. मग आतड्याचा एखादा वेटोळा त्यात शिरतो. हा ऑब्ट्युरेटर हर्निया. तो दुर्मीळ आहे. सगळ्या हर्नियांत शंभरात एकसुद्धा भरत नाही. पण तो होतो तो बहुतेक वेळा सत्तरी-ऐंशीच्या, हाडकुळ्या बायकांना. उजव्या बाजूला जास्त, कारण डाव्या बाजूची वाट मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाने काहीशी झाकलेली असते.

त्याचं वर्णन जुनं आहे. १७२४ साली आर्नो द रॉन्सिल या फ्रेंच शल्यविशारदाने तो नोंदवला आणि त्यावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया हेन्री ओब्रे याने १८५१ मध्ये केली. म्हणजे आजार कळल्यापासून तो दुरुस्त करता येईपर्यंत सव्वाशे वर्षं गेली. कारण एकच, तो दिसत नव्हता. मांडीच्या जाड स्नायूंखाली दडलेली ती गाठ बाहेरून कुणालाच दिसत नाही.

दुखणं गुडघ्यात, आजार पोटात

दिसत नसला तरी हा हर्निया आपली खूण देतो. त्या बोगद्यातून जाणारी नस मांडीच्या आतल्या बाजूची संवेदना वाहते, पार गुडघ्याच्या जवळपर्यंत. आतडं बोगद्यात शिरलं की ही नस दाबली जाते आणि कळ उठते ती मांडीच्या आतून गुडघ्याकडे. पाय मागे नेला, बाजूला फाकवला किंवा आत वळवला की कळ वाढते. मांडी दुमडून घेतली की बरं वाटतं. १८४० च्या दशकात इंग्लंडचा हॉशिप आणि जर्मनीचा रोम्बर्ग यांनी वेगवेगळं राहून ही खूण सांगितली, म्हणून ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. ही खूण सगळ्या रुग्णांत मिळत नाही, निम्म्यांतसुद्धा नाही. पण मिळते तेव्हा ती सोन्याच्या मोलाची असते.

अडचण अशी, की आपल्याकडे ऐंशीच्या आजीचा गुडघा दुखतो यात कुणाला काही नवल वाटत नाही. घरात तेल, बाम, शेक, सगळं सुरू असतं. गुडघ्याचा एक्स-रे काढला तर त्यात झीज निघणारच, त्या वयात ती कुणाच्या गुडघ्यात नसते? झीज सापडली की कारणही सापडलं, असं सगळे धरून चालतात.

माझ्याकडे एका आजींना स्ट्रेचरवरून आणलं होतं. वय ऐंशीच्या पुढे, वजन जेमतेम पस्तीस किलो. तीन दिवसांपासून उलट्या, पोट फुगलेलं. कागदावर लिहिलं होतं, ‘पोटदुखी, उलट्या, पोटाची सोनोग्राफी करावी.’ एवढंच. आजी उजवा पाय दुमडून कुशीवर निजल्या होत्या.

“आजी, पाय सरळ करता का जरा?”

“नगं गं पोरी. सरळ केला की वरनं खाली कळ येती, पार गुडघ्यापर्यंत.”

बाजूला उभा असलेला मुलगा म्हणाला, “मॅडम, गुडघ्याचं तिचं जुनंच आहे. ते नंतर बघू. तुम्ही पोटाचं तेवढं बघा.”

मी विचारलं, “आजी, अशा उलट्या आधी कधी झाल्या होत्या का?”

“दोनदा झाल्या. आपसूकच थांबल्या. गुडघाबी तवाच दुखायचा.”

गुडघा आणि उलट्या एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी थांबतात, हे वाक्य त्या माउलीने आपल्या साध्या बोलीत सांगितलं आणि निदान जवळजवळ तिथेच झालं. आतडं बोगद्यात शिरत होतं, पुन्हा सुटत होतं. या वेळी मात्र ते सुटलं नव्हतं. सोनोग्राफीत फुगलेली आतडी दिसली, मांडीच्या वरच्या भागात खोलवर एक संशयास्पद वेटोळाही दिसला. लगेच सीटी स्कॅन केला. सर्जननी त्याच रात्री ऑपरेशन केलं. आतड्याचा बोटभर भाग काळवंडला होता, तो काढून टोकं जोडावी लागली. आजी पंधरा दिवसांनी घरी गेल्या आणि गुडघ्याची ती विशिष्ट कळ ऑपरेशननंतर गेली. गुडघ्याची झीज होती ती मात्र राहिली.

सगळ्याच कहाण्या अशा संपत नाहीत. दुसऱ्या एका आजींना पोट साफ व्हावं म्हणून घरच्यांनी एरंडेल दिलं होतं, मग बेंबी सरकली म्हणून कुणीतरी पोट चोळलं होतं. त्या आल्या तेव्हा सहावा दिवस होता. स्कॅनमध्ये हर्निया स्पष्ट दिसला, पण आतडं फुटून पोटात पू पसरला होता. शस्त्रक्रिया झाली, पण आजी वाचल्या नाहीत. निदान अचूक होतं, फक्त चार दिवस उशिरा आलं होतं. या आजारात आतडं आवळल्यानंतरचा प्रत्येक तास मोजावा लागतो.

स्कॅनमध्ये काय दिसतं?

विल्हेल्म राँटगेन याने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. साध्या एक्स-रेमध्ये आतड्याला अडथळा झाला आहे हे कळतं. उभं राहून काढलेल्या फोटोत फुगलेल्या आतड्यांत हवा वर आणि पाणी खाली अशा पायऱ्या दिसतात. पण अडथळा कशाने झाला, हे साधा एक्स-रे सहसा सांगत नाही. रस्त्यावर गाड्यांची रांग दिसते, पुढे अपघात कुठे झाला ते दिसत नाही, तशातली गत.

ते दाखवलं सीटी स्कॅनने. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. हे यंत्र घडवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि त्यामागचं गणित मांडणारे अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पाव किंवा काकडी चकत्या करून पाहावी, तसं शरीर न कापता चकत्यांमध्ये पाहता येऊ लागलं. आज पोटाचा संपूर्ण स्कॅन काही सेकंदांत होतो.

अडथळ्याच्या रुग्णाचा स्कॅन वाचताना मी फुगलेल्या आतड्याचा माग काढत खाली येते. जिथे फुगलेलं आतडं संपून एकदम बारीक आतडं सुरू होतं, तिथे अडथळ्याची जागा. ती जागा जांघेत असेल तर खुणा पाहायच्या. ओटीपोटाच्या भिंतीतून वर चढणारी एक छोटी रोहिणी असते. पट्ट्याच्या वरचा हर्निया तिच्या बाहेरच्या बाजूने आला की एक प्रकार, आतल्या बाजूने आला की दुसरा. पिशवी पट्ट्याच्या खाली असेल आणि शेजारची मोठी नीला दबून चपटी झाली असेल, तर फिमोरल हर्नियाचा संशय पक्का होतो. आणि मांडीच्या वरच्या टोकाला खोलवर असलेल्या दोन स्नायूंच्या मध्ये, जिथे फक्त चरबीची पातळ रेघ असायला हवी, तिथे गोल वेटोळा दिसला, तर तो ऑब्ट्युरेटर. एकदा कुणी दाखवला की पुन्हा नजरेतून सुटत नाही. मात्र त्यासाठी स्कॅन तिथपर्यंत घेतलेला हवा. पोटाचा स्कॅन म्हणून बेंबीच्या जरा खालीच थांबलं, तर जिथे चोर लपला आहे ती खोलीच उघडली नाही असं होतं. म्हणून अडथळ्याच्या रुग्णात चकत्या मांडीच्या वरच्या भागापर्यंत न्याव्या लागतात.

शिरेतून औषध देऊन केलेल्या स्कॅनमध्ये आतड्याला रक्त पोचतं आहे की नाही याचाही अंदाज येतो. मूत्रपिंडं कमजोर असतील तर या औषधाचा विचार जपून करावा लागतो, पण निव्वळ हर्निया कुठे आहे हे कळायला औषधाविना केलेला स्कॅनही बऱ्याचदा पुरतो. तेव्हा ‘किडनीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू’ म्हणत रात्र घालवण्याचं कारण नसतं.

आणखी एक फसवा प्रकार सांगायला हवा. कधी आतड्याचा पूर्ण वेटोळा अडकत नाही, फक्त भिंतीचा एक चिमटा अडकतो. अठराव्या शतकातला जर्मन शल्यविशारद रिश्टर याच्या नावाने हा ओळखला जातो. यात वाट पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे गॅस सरतो, कधी शौचालाही होतं. घरचे निर्धास्त राहतात आणि तिकडे तो चिमटा सडत असतो. फिमोरल आणि ऑब्ट्युरेटर या अरुंद वाटांत हे विशेष घडतं.

पिशवीत आतडंच असतं असं नाही

हर्नियाच्या पिशवीत काय सापडेल याचा नेम नाही. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अमियांड या शल्यविशारदाने अकरा वर्षांच्या एका मुलाचा हर्निया उघडला, तर आत अपेंडिक्स निघालं. मुलाने कधीतरी गिळलेली टाचणी त्यात रुतून त्याला भोक पडलं होतं. अमियांडने अपेंडिक्स काढलं, मुलगा वाचला. अपेंडिक्स काढण्याची नोंद झालेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ती हीच मानतात, आणि ती झाली हर्नियाच्या निमित्ताने. त्याआधी चार वर्षं, १७३१ मध्ये, फ्रान्सच्या द गारांजो याने मांडीकडच्या, म्हणजे फिमोरल हर्नियात अपेंडिक्स पाहिलं होतं. हे दोन्ही प्रकार आजही त्यांच्याच नावांनी ओळखले जातात. त्या काळी पिशवी उघडल्यावरच उलगडा व्हायचा. आज स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपासून निघून पिशवीत जाणारी, शेवटाला बंद असलेली नळी दिसली, की सर्जनला चाकू हाती घेण्याआधीच कळवता येतं. अपेंडिक्सला सूज आहे की नाही, यावर जाळी बसवायची की नाही हेही ठरू शकतं.

कधी मूत्राशयाचा कोपरा उतरतो. असा माणूस सांगतो, की एकदा लघवी झाली, गाठ दाबली, की पुन्हा होते. हे आधी कळलं नाही तर ऑपरेशनमध्ये मूत्राशयाला इजा होऊ शकते. तान्ह्या मुलींच्या जांघेत सुपारीएवढी टणक गाठ आली, तर त्यात बीजकोश उतरलेला असू शकतो. त्याला पीळ पडला तर तो कायमचा जातो. अशा बाळाला सोनोग्राफी पुरते. किरणं नाहीत, सुई नाही, आईच्या मांडीवर बाळ असतानाही करता येते. ‘दुखत तर नाही ना, मग मोठी होऊ दे’ असं म्हणून तिला थांबवून ठेवू नये.

आणि प्रत्येक गाठ हर्निया नसते

आता दुसरी बाजू. जांघेत गाठ आली म्हणजे हर्नियाच, असंही नाही. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे खेड्यातल्या माणसालाही ठाऊक असतं. सोनोग्राफीत अवधाणाची गाठ घेवड्याच्या बीसारखी दिसते, मध्ये चरबीचा ठिपका आणि त्यात शिरणारी बारीक रक्तवाहिनी.

गरोदरपणात काही बायकांच्या जांघेत मऊ फुगवटा येतो, उभं राहिलं की वाढतो, आडवं झालं की कमी होतो. अगदी हर्नियासारखा. पण रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी केली, तर त्यात फुगलेल्या नीलांचं जाळं दिसतं. बाळंतपणानंतर ते आपोआप ओसरतं. म्हणजे दहा मिनिटांच्या तपासणीने गरोदर बाईचं एक अनावश्यक ऑपरेशन टळतं.

आपल्या देशात आणखी एक शक्यता विसरून चालत नाही. मणक्याला क्षय झाला, की तिथला पू पाठीच्या स्नायूच्या कडेकडेने खाली सरकत जांघेत उतरतो. गाठ मऊ असते, फारशी दुखत नाही, लालही नसते. मूळ आजार वीतभर वर, कण्यात. गाठीकडे पाहून हे कळणं कठीण, पण सोनोग्राफीत पू आणि एमआरआयमध्ये पोखरलेला मणका दिसला की चित्र पुरं होतं. याचा उपचार हर्नियाचं ऑपरेशन नव्हे, क्षयाची औषधं. तसंच अँजिओग्राफीनंतर जांघेत ठोके पडणारी गाठ आली तर तो रोहिणीचा फुगवटा असू शकतो. तिला सुई लावण्यापूर्वी डॉप्लर झालाच पाहिजे. मुलाचं एक वृषण खाली उतरलेलं नसेल, तर जांघेतली गाठ म्हणजे तेच अडकलेलं वृषण असू शकतं.

तपासणी सगळ्यांनाच हवी का?

एवढं ऐकल्यावर कुणी म्हणेल, मग प्रत्येक हर्नियाला स्कॅन करून टाकू. तसं मुळीच नाही, आणि हे मी रेडिऑलॉजिस्ट असून सांगते. खोकल्याबरोबर येणारी आणि आडवं झाल्यावर जाणारी पुरुषाच्या जांघेतली गाठ ओळखायला अनुभवी सर्जनचा हात पुरेसा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये मिळणारे किरण साधारणपणे निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळणाऱ्या किरणांइतके असतात. गरज असेल तेव्हा हा व्यवहार फायद्याचा आहे, गरज नसताना नाही.

याच्या उलट, दुसऱ्या कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत ‘लहानसा हर्निया, आत चरबी’ असं लिहून येतं आणि माणूस घाबरतो. कसला त्रास नसेल तर केवळ त्या ओळीसाठी ऑपरेशनला धावायचं नसतं. फारसा त्रास नसलेल्या पुरुषांना नुसतं लक्षात ठेवलं तर काय होतं, याचा अभ्यास अमेरिकेत झाला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हजार माणसांना वर्षभर पाहिलं तर दोनपेक्षाही कमी जणांत हर्निया अचानक अडकला. मात्र हा अभ्यास पुरुषांचा होता. स्त्रियांना तो लावता येत नाही, कारण त्यांच्यात ती दुसरी अरुंद वाट असण्याची शक्यता जास्त. म्हणून बाईच्या जांघेतली गाठ सर्जनला दाखवण्यात चालढकल नको आणि निदानात शंका असेल तर तपासणी जरूर व्हावी.

तपासणीचा क्रमही साधा आहे. शंका असेल तर आधी सोनोग्राफी. ती स्वस्त आहे, किरणं नाहीत, आणि तिचा मोठा गुण असा की ती हालचाल दाखवते. रुग्णाला खोकायला सांगता येतं, उभं करून पाहता येतं. आडवं पडल्यावर लपणारा हर्निया उभं राहिल्यावर खोकताना पकडता येतो. सोनोग्राफीला जाताना ‘गाठ कधी येते’ हे सांगा आणि उभं करून तपासा असं न संकोचता म्हणा. पोटाला अडथळा असेल, उलट्या होत असतील, तर सीटी स्कॅन. आणि गाठ नाही, सोनोग्राफी साफ, पण जांघ दुखतेच, विशेषतः खेळाडूंची, तर एमआरआय. त्यात स्नायूंची ओढ, हाडाच्या सांध्याची सूज, खुब्याचा आजार, हे सगळं वेगळं करून दाखवता येतं.

विचारायला हवं

यंत्रं आता तालुक्याच्या गावीही पोचली आहेत. तरी शेवटी यंत्र तेवढंच दाखवतं, जेवढं त्याला विचारलं जातं. ‘पोटदुखी’ एवढं लिहिलेला कागद आणि ‘वय ८२, वजन कमी, उलट्या, पोटावर ऑपरेशन झालेलं नाही, उजव्या मांडीत आतून कळ’ असं लिहिलेला कागद, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा कागद हातात आला की माझी नजर आपोआप त्या बोगद्याकडे जाते. पोटावर पूर्वी एकही ऑपरेशन न झालेल्या म्हाताऱ्या बाईचं आतडं अडलं, तर जांघेच्या तिन्ही वाटा पाहिल्याच पाहिजेत.

आणि हा कागद लिहिला जातो तो घरच्यांनी सांगितलेल्या माहितीवर. आपल्या आया-आज्या जांघेतलं दुखणं सांगत नाहीत. लाजेने सांगत नाहीत, कुणाला त्रास नको म्हणून सांगत नाहीत. तपासताना डॉक्टर पोट पाहतात, पण नऊवारीची गाठ सोडून जांघ पाहायचं राहून जातं. तिथे मुलीने, सुनेने, नातीने पुढे व्हावं. ‘आई, मांडीत दुखतं का? गाठ कधी आली होती का?’ एवढं विचारावं आणि उत्तर डॉक्टरांना सांगावं. तपासायला बाईडॉक्टर किंवा जवळ नर्स हवी असेल तर तसं मोकळेपणाने मागावं, त्यात गैर काही नाही.

काही खुणा मात्र लक्षात ठेवाव्यात. जांघेतली गाठ एरवी आत जायची ती जात नाही, दुखते, टणक किंवा लाल झाली आहे. उलट्या होतात, पोट फुगतं, गॅस सरत नाही. किंवा वाळलेल्या अंगाच्या म्हाताऱ्या बाईला पोटदुखीबरोबर मांडीतून गुडघ्याकडे कळ जाते. यातलं काहीही असलं तर सकाळची वाट पाहू नये. गाठ जोराने आत ढकलू नये, पोट चोळू नये, जुलाबाचं औषध देऊ नये, तोंडाने काही न देता सर्जन आणि स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. वेळेत पोचलेलं आतडं बहुतेकदा वाचवता येतं. त्यासाठी घरातल्या थकल्या माणसाचं साधं बोलणं जरा लक्ष देऊन ऐकायला हवं. गुडघ्याची कळ नेहमी गुडघ्याचीच असते असं नाही.